दोघांचं शून्य वेगवेगळ्या जागी

प्रश्न थोडक्यात असा. नवरा-बायको दोघंही कमावतात, दोघांनाही आकडेमोड येते. नवऱ्यानं पाच वर्षांपूर्वी घेतलेले एका कंपनीचे शेअर निम्म्यावर आलेत, पण तो विकायला तयार नाही. "वर आले की विकू" म्हणतो. मध्यंतरी त्यानं बायकोला न विचारता धाकट्या भावाला बरीच मोठी रक्कम उसनी दिली. तिनं विषय काढला की "तुझा माझ्यावर विश्वासच नाही" इथवर गाडी येते आणि थांबते. ती विचारते: इतर बाबतींत शहाण्यासारखी वागणारी माणसं पैशाच्या बाबतीत अशी का वागतात? आणि आम्ही आता करायचं काय?

मी आधी आठ वर्षं लोकांना गुंतवणुकीचा सल्ला देत होतो, नंतरची अठरा वर्षं जोडप्यांचं समुपदेशन करतो आहे. मी धंदा बदलला असं लोकांना वाटतं. मला तसं वाटत नाही. पहिल्या कामात लोक पैशाबद्दल बोलता बोलता घरच्यांबद्दल बोलायला लागायचे. आता घरच्यांबद्दल बोलता बोलता पैशावर येतात. त्यामुळे तुमच्या पत्रातले शेअर आणि भाऊ हे मला दोन वेगळे विषय वाटले नाहीत.

माणूस आपल्याकडे एकूण किती आहे हे मनात मोजत नाही. वाढलं किती आणि घटलं किती, एवढंच मोजतो. आता वाढलं-घटलं म्हणायचं तर कुठून मोजायचं ते ठरवावं लागतं, कुठेतरी शून्य मांडावं लागतं. ते शून्य आपण गुपचूप मांडतो, बहुतेक वेळा स्वतःच्याही नकळत. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये हे सूत्रबद्ध मांडलं. त्यातला दुसरा भाग जास्त प्रसिद्ध झाला: त्या शून्याच्या खाली गेल्याचं दुःख, तेवढंच वर गेल्याच्या आनंदापेक्षा मोठं असतं. नाणेफेक करायची, हरलात तर शंभर द्यायचे. जिंकल्यावर किती मिळणार असतील तर खेळाल? बहुतेक लोक दीडशेला नाही म्हणतात, दोनशेच्या आसपास विचार करू लागतात. १९९२ च्या त्यांच्या लेखात हा गुणक २.२५ निघाला होता. हा आकडा दगडावरची रेघ नव्हे. किरकोळ रकमांच्या बाबतीत तो बराच ढिला पडतो, आणि माणसागणिक बदलतो. पण जिथे रक्कम दुखण्याइतकी मोठी आहे, तिथे मी त्याला खोटं ठरलेलं क्वचितच पाहिलं आहे.

तर तुमच्या नवऱ्याचं शून्य आहे खरेदीची किंमत. तुमचं शून्य आहे आजची किंमत. तो म्हणतो, "अजून तोटा झालेला नाही, विकले तर होईल." तुम्ही म्हणता, "तोटा झालेलाच आहे, आता उरलेलं तरी वाचवू." दोघांचंही गणित आपापल्या शून्यापासून बरोबर आहे, म्हणून तर कुणी माघार घेत नाही. मी तुमच्या बाजूनं आहे, हे सांगून टाकतो. कंपनीला किंवा बाजाराला तुमच्या नवऱ्यानं शेअर कितीला घेतला हे ठाऊक नाही. ते एकट्या त्याला ठाऊक आहे. पुढे भाव काय होईल याच्याशी त्या आकड्याचा काडीचा संबंध नाही.

हा त्याचा एकट्याचा स्वभावदोष आहे असं मात्र समजू नका. हर्श शेफ्रिन आणि मायर स्टॅटमन यांनी १९८५ मध्ये या सवयीला नाव दिलं: वाढलेलं लवकर विकायचं, पडलेलं धरून बसायचं. पुढे टेरन्स ओडीन यांनी अमेरिकेतल्या एका दलाली कंपनीकडची दहा हजार खाती, १९८७ ते १९९३ या काळातली, तपासली. फायद्यातला शेअर विकण्याची जेवढी संधी लोकांना होती, त्यातल्या १४.८ टक्के वेळा त्यांनी तो विकला. तोट्यातल्या शेअरचं हेच प्रमाण ९.८ टक्के. आणि विकून टाकलेल्या शेअरनी पुढच्या वर्षभरात, धरून ठेवलेल्या रडक्या शेअरपेक्षा सरासरी ३.४ टक्के जास्त परतावा दिला. म्हणजे "वर आले की विकू" हे धोरण म्हणून तपासलं, तर आतबट्ट्याचं निघालं.

त्याच अभ्यासातली एक बारीक गोष्ट मला फार आवडते, आणि माझ्या कामात ती सगळ्यांत जास्त उपयोगी पडली. डिसेंबरमध्ये चित्र उलटं व्हायचं. वर्ष संपण्याआधी तोटा दाखवला तर करात सूट मिळायची, आणि अकरा महिने जे शेअर विकवत नव्हते ते तीच माणसं विकून मोकळी व्हायची. भाव तोच, कंपनी तीच, तोटाही तोच. फक्त आता त्याला 'चूक' म्हणावं लागत नव्हतं, 'करनियोजन' म्हणता येत होतं. तोटा सोसायला माणूस तयार असतो. त्याला त्या तोट्यासाठी दुसरं नाव हवं असतं.

इथे माझंच उदाहरण. लोकांना "तोट्यातलं काढून टाका" असं सांगण्याचे पैसे मी घेत होतो, त्या काळात माझ्या स्वतःच्या खात्यात एका कंपनीचे शेअर अकरा वर्षं पडून होते. खरेदीच्या एक षष्ठांशावर. बायकोला ते जुनी कागदपत्रं लावताना सापडले. ती फक्त हसली, आणि मी दुसऱ्या आठवड्यात विकले. ती हसली नसती, "तरी मी म्हणत होते" असं म्हणाली असती, तर ते शेअर आजही माझ्याकडे असते याबद्दल मला शंका नाही.

हे "तरी मी म्हणत होते" प्रकरण जरा थांबून बघण्यासारखं आहे. विकणं म्हणजे नुसता तोटा मान्य करणं नाही. घरात विकणं म्हणजे साक्षीदारासमोर मान्य करणं. तुम्ही जितक्या वेळा त्या शेअरवर बोट ठेवलं, तितकी त्या विक्रीची किंमत वाढत गेली. रुपये-पैशांत नाही, मानात. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात, तो पाय बऱ्याचदा काठावरच्या माणसाकडे बघत बघत खोलात जातो. शिवाय "मी म्हणत होते" हे खरं असतंच असं नाही. बारूक फिशॉफ आणि रूथ बेथ यांनी १९७२ मध्ये, अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष निक्सन चीन आणि सोव्हिएत संघाच्या दौऱ्यावर जाण्याआधी, विद्यार्थ्यांना विचारून ठेवलं होतं की अमुक अमुक घडण्याची शक्यता किती. दौरे झाल्यावर पुन्हा विचारलं: तेव्हा तुम्ही काय म्हणाला होता ते आठवा. जे घडलं होतं त्याला आपण आधीपासून जास्त शक्यता दिली होती, असं बऱ्याच जणांना आठवलं. दिली नव्हती. कुणी खोटं बोलत नव्हतं. निकाल कळला की आठवण त्याच्याकडे कलते. तुम्ही पाच वर्षांपूर्वी खरोखर विरोध केला होता की नुसतं तोंड वाकडं केलं होतं, हे आता तुम्हालाही नक्की सांगता येणार नाही. मग ते हत्यार म्यानातच राहू द्या.

आता नात्याकडे. इथेही तीच वही आहे, तेच गुपचूप मांडलेलं शून्य आहे. तुमच्या नवऱ्यानं एखादं काम नेहमी केलं की ते हळूहळू तुमचं शून्य होतं. मग केलं तर जमेत काही पडत नाही, नाही केलं तर खर्ची पडतं. त्याच्या बाजूनंही अगदी असंच. जॉन गॉटमन यांनी जोडप्यांना प्रयोगशाळेत बसवून, मतभेदाच्या विषयावर बोलायला लावून, वर्षानुवर्षं निरीक्षणं केली. टिकणाऱ्या जोडप्यांत, भांडणाच्या त्या बोलण्यातसुद्धा, एका कडू क्षणामागे साधारण पाच गोड क्षण दिसले. एकाला एक अशी फिटंफाट चालत नाही. एक टोमणा मारून एक गोड शब्द बोलला की हिशेब बरोबर झाला असं बोलणाऱ्याला वाटतं. ऐकणाऱ्याच्या वहीत अजून चार बाकी असतात.

आणि त्या वहीत नोंदीही सारख्या होत नाहीत. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९ मध्ये नवरा-बायकोंना वेगवेगळं बसवून विचारलं, घरातल्या अमुक कामात तुमचा वाटा किती टक्के. दोघांचे आकडे जोडले की बहुतेक जोडप्यांची बेरीज शंभराच्या वर गेली. गंमत म्हणजे भांडणं सुरू करण्यासारख्या नको त्या गोष्टींतही लोकांनी आपला वाटा वाढवूनच सांगितला, त्यामुळे ही निव्वळ बढाई म्हणता येत नाही. आपण जे केलं ते आपल्याला आतून दिसतं, उपसलेल्या कष्टांसकट आठवतं. दुसऱ्यानं केलेलं आपण पाहिलं तरच दिसतं. "सगळं मीच करते" आणि "सगळं मीच करतो" ही दोन वाक्यं एकाच घरात, एकाच संध्याकाळी, दोन्ही प्रामाणिकपणे म्हटली जातात.

भावाच्या उसनवारीकडे येतो, कारण मला वाटतं तुमचा खरा सल तिथे आहे.

पैसे देण्याघेण्याचे दोन वेगळे कायदे माणसाच्या मनात असतात. एक बाजाराचा: दिलं तेवढं घ्यायचं, लगेच घ्यायचं, लिहून ठेवायचं. दुसरा आपल्या माणसांचा: ज्याला गरज त्याला द्यायचं, मोजायचं नाही. मार्गारेट क्लार्क आणि जडसन मिल्स यांनी १९७९ मध्ये दाखवलं की जिथे जवळीक अपेक्षित आहे तिथे उपकाराची लगेच, रोखठोक परतफेड केली, तर माणूस आवडण्याऐवजी नावडता होतो. परतफेड म्हणजे 'आपला संबंध संपला' अशी पावती वाटते. दोन्ही कायदे आपापल्या जागी उत्तम चालतात. घोटाळा होतो तो एकाच व्यवहारात दोन्ही लागू झाले की. सख्ख्या भावाला दिलेले उसने पैसे हा त्याचा नमुना आहे. देताना दुसरा कायदा होता: भाऊ अडचणीत आहे, विचारायचं काय. परत मागायची वेळ आली की पहिला कायदा लागतो. आणि एकदा का पहिला लागला, की तो सहसा परत जात नाही.

याचा सगळ्यांत सुंदर दाखला इस्राएलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांचा आहे. उरी नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी यांनी २००० मध्ये तो प्रसिद्ध केला. मुलांना न्यायला पालक उशिरा यायचे. दहापैकी सहा पाळणाघरांत उशिराबद्दल छोटासा दंड लावला. उशीर कमी व्हायच्या ऐवजी जवळपास दुपटीवर गेला. आधी उशीर झाला की ताटकळणाऱ्या बाईंसमोर ओशाळं वाटायचं. आता उशिराला भाव होता, तो भरला की झालं. काही आठवड्यांनी दंड काढून टाकला, तरी उशीर खाली आला नाही. ओशाळेपण एकदा विकलं गेलं ते परत मिळालं नाही. "भावाकडून व्याज घेऊ या, म्हणजे तो वेळेवर देईल" असं कुणी सुचवलं की मला ही पाळणाघरं आठवतात. बँकेसारखं वागायचं असेल तर पहिल्या दिवसापासून बँकेसारखं वागावं. मध्येच नियम बदलले तर पैसेही अडकतात आणि भाऊही जातो.

उसनवारीची आणखी एक खोड सांगतो. देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची आठवण वेगळी होत जाते. लिंडा देझ्यो आणि जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी २०१२ मध्ये मित्र-नातलगांमधल्या उसनवारीचा अभ्यास प्रसिद्ध केला. थकलेली रक्कम देणाऱ्याला टोचत राहते. घेणाऱ्याला मात्र ती फारशी आठवत नाही, किंवा समोरच्यानं ती मनातून सोडून दिली असावी असं वाटत राहतं. तुमचा दीर नालायक आहे असं ठरवण्याआधी हे ध्यानात घ्या. कदाचित तो खरोखरच समजून चालला असेल की दादाला घाई नाही. दादानं तसं म्हटलंही असेल. माझ्यासमोर बसलेल्या अशा दहा दादांपैकी आठ-नऊ जणांनी देताना "जमेल तसं दे" हेच शब्द वापरलेले असतात, आणि ते शब्द त्यांच्या बायकांना माझ्या खोलीत पहिल्यांदा कळतात.

पण तुम्हाला लागलं ते रक्कम गेल्याचं की न विचारल्याचं? तुमच्या पत्रात 'मला न विचारता' हे शब्द तीनदा आलेत, रकमेचा आकडा एकदाही नाही. यात संकोचण्यासारखं काही नाही. १९८२ मध्ये व्हेर्नर ग्यूट आणि सहकाऱ्यांनी एक साधा खेळ रचला: एकाला काही रक्कम द्यायची, त्यानं त्यातला वाटा दुसऱ्याला देऊ करायचा. दुसऱ्यानं हो म्हटलं तर दोघांना आपापला वाटा मिळतो, नाही म्हटलं तर दोघांनाही काही मिळत नाही. कोरड्या हिशेबानं पाहिलं तर काहीही देऊ केलं तरी घ्यावं, फुकटचंच आहे. पण पुढे देशोदेशी हा खेळ खेळला गेला, आणि पाचव्या हिश्श्याहून कमी देऊ केलं की बऱ्याच लोकांनी सरळ झिडकारलं. स्वतःचं नुकसान करून झिडकारलं. आपल्याला गृहीत धरलं गेलं ही भावना माणूस पदरमोड करून परतवतो. तुम्ही भांडता ती हीच पदरमोड आहे, आणि नवरा ती 'पैशाचा हव्यास' म्हणून वाचतो. तो उत्तर देतो पैशाबद्दल, "येतील ना परत!", आणि तुम्ही आणखी चिडता, कारण तुम्ही ते विचारलंच नव्हतं.

तुमच्या दोघांच्या स्वभावाबद्दल पत्रात थोडं आहे. तुम्ही खर्च करताना हात आखडता घेता, तो मोकळ्या हाताचा. हेही फार जुनं लक्षण आहे. खर्च करताना काही लोकांना खरोखर बोचतं, काहींना बोचायला हवं तितकं बोचत नाही. स्कॉट रिक आणि सहकारी यांनी २००८ मध्ये या दोन टोकांची मोजणी केली आणि हात आखडणाऱ्यांचा भरणा जास्त निघाला. २०११ मध्ये त्यांनी असंही दाखवलं की स्वतःच्या खर्चाच्या स्वभावावर नाराज असलेली माणसं लग्नासाठी नेमकी विरुद्ध टोकाची माणसं निवडतात, आणि मग पैशावरून जास्त भांडतात. लग्नाआधी जो दिलदार वाटला तोच लग्नानंतर उधळ्या वाटतो. मला खटकतं ते पुढचं. वर्षं जातात तशी दोघं एकमेकांना टोकाकडे ढकलतात. "ही आहेच आवरायला" म्हणून तो सैल सुटतो, "हा आवरणारच नाही" म्हणून ती आणखी घट्ट होते. एकटे राहिले असते तर दोघंही मधल्या कुठल्यातरी जागी आले असते.

मनातल्या कप्प्यांबद्दल थोडक्यात. रिचर्ड थेलर यांनी हे दाखवून दिलं की पैसा पैसाच असला तरी माणूस त्याचे कप्पे करतो: पगाराचा जपून वापरायचा, अचानक मिळालेला उडवायचा, तोट्यातल्या खात्याला हात लावायचा नाही. अर्थशास्त्राच्या चष्म्यातून हा वेडेपणा आहे. मी मात्र कप्प्यांच्या विरोधात नाही. शिस्त नसलेल्या माणसाला कप्पेच वाचवतात. फक्त दोघांचे कप्पे एकमेकांना माहीत हवेत. तुमच्या नवऱ्यानं भावाला दिलेली रक्कम बोनसमधली होती, म्हणजे त्याच्या कप्प्यानुसार ती 'वरची' होती. तुमच्या कप्प्यानुसार ती घरकर्जाची होती. कार्डानं पैसे दिले की कमी बोचतं हेही याच घराण्यातलं: ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांच्या २००१ मधल्या प्रयोगात, बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांसाठी कार्डवाल्यांनी रोखवाल्यांच्या जवळपास दुप्पट बोली लावली. ज्याचा हात मोकळा आहे त्यानं रोकड वापरावी, हा सल्ला जुनाट वाटला तरी चालतो.

आता करायचं काय. आधी कधी बोलायचं ते ठरवा. महिनाअखेरीला, हप्ता जायच्या दिवशी, रात्री दमून आल्यावर बोलू नका. आनंदी मणी, सेंधिल मुल्लाइनाथन, एल्डर शफीर आणि जियाइंग झाओ यांनी २०१३ मध्ये तामिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच माणसांनी पीक निघायच्या आधी, हात तंग असताना, विचारशक्तीच्या चाचण्यांत जे गुण मिळवले, त्यापेक्षा पैसा हातात आल्यावर चांगले मिळवले. माणूस बदलला नव्हता, डोक्यातली गर्दी कमी झाली होती. तंगीच्या दिवसात घेतलेला पैशाचा निर्णय आणि तंगीच्या दिवसात काढलेलं पैशाचं भांडण, दोन्ही एकाच कारणानं बिघडतात.

पहिल्या बैठकीत आकडे काढू नका. दोघांनी आपापलं शून्य सांगायचं. तुमच्या लहानपणी घरात पैशाबद्दल कसं बोललं जायचं? कोण लपवायचं, कोण ओरडायचं, उसने मागायला कुणाला पाठवलं जायचं? एका गृहस्थांना भावाला 'नाही' म्हणताच येत नसे. तिसऱ्या भेटीत ते सहज बोलून गेले, की धाकट्याचं शिक्षण थांबलं तेव्हा यांचं चालू राहिलं होतं. त्यांच्या वहीत ती रक्कम उसनी नव्हतीच. ते फेडत होते. बायकोला हे पंधरा वर्षांत माहीत नव्हतं, आणि हे कळल्यावर ती रागावलेलीच राहिली, पण वेगळ्या गोष्टीसाठी, आणि तो राग बोलता येण्यासारखा होता.

भावाच्या रकमेबाबत दोघांनी एकच प्रश्न सोडवा: ही भेट आहे की कर्ज? भेट असेल तर तसं लिहून वहीतून काढून टाका, आणि भावाला ते नवऱ्यानंच सांगावं. कर्ज असेल तर तारखा आणि हप्ते ठरवा, रागानं नाही, आणि हप्ता इतका छोटा ठेवा की पहिला खरोखर येईल. पहिला हप्ता आला की त्याच्या आठवणीत ते पुन्हा कर्ज होतं. पुढल्या वेळेसाठी एक रक्कम ठरवा, जिच्यावरचं काहीही दुसऱ्याला विचारल्याशिवाय द्यायचं नाही. ती खालची रक्कम मात्र खरोखर मोकळी हवी, तिच्याबद्दल "कशाला दिलेस?" असं विचारायचं नाही. ही अट पाळणं तुम्हाला जड जाईल, त्याला वरची अट पाळणं जड जाईल.

शेअरसाठी त्याला डिसेंबर द्या, म्हणजे सबब द्या. "तोटा मान्य कर" म्हणू नका. "घरकर्जातली रक्कम कमी करायला इथून काढू या का?" म्हणा. एकदम सगळे नको, तिसरा हिस्सा. आणि एक प्रश्न त्यानं स्वतःला विचारावा, तुम्ही त्याला विचारू नये: आज ही रक्कम रोख हातात असती तर हेच शेअर घेतले असते का? उत्तर 'हो' आलं आणि कारणं कंपनीची असली, भावनेची नसली, तर ठेवू द्या. तोट्यातला प्रत्येक शेअर विकायलाच हवा असं मी म्हणत नाही. पुढची बचत वाढवायची असेल तर आजच्या पगाराला हात लावू नका. पुढच्या पगारवाढीतला वाटा आजच बांधून टाका, म्हणजे कुणाच्याच शून्याखाली काही जात नाही. थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी यांनी एका कंपनीत हेच केलं. २००४ मधल्या त्यांच्या लेखानुसार, जे सामील झाले त्यांची बचत ४० महिन्यांत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. बचतीसाठी मी पाहिलेला यापेक्षा कमी भांडणाचा उपाय नाही.

तुम्ही लिहिलंत की गुंतवणुकीचं सगळं तोच बघतो, तुम्हाला त्यातलं कळत नाही. कळत नाही कारण तो बघतो. एड्रियन वॉर्ड आणि जॉन लिंच यांच्या २०१९ मधल्या अभ्यासात, जोडप्यातला जो पैशाचं बघतो त्याचं ज्ञान वर्षांगणिक वाढत गेलं आणि दुसऱ्याचं होतं तिथेच राहिलं. सुरुवातीला दोघं सारखेच होते. तेव्हा महिन्यातून एक संध्याकाळ खाती तुम्ही उघडा, तो शेजारी बसेल. संयुक्त खात्याबद्दलही विचारलं आहे तुम्ही. २०२३ मध्ये २३० नव्या जोडप्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्यांना पैसा एकत्र करायला सांगितला होता त्यांचं नातं दोन वर्षांत टिकून राहिलं, बाकीच्यांचं थोडं थोडं उतरत गेलं. मी तरी सगळं एकत्र करा असं सरसकट सांगत नाही. एक मोठं सामायिक खातं आणि प्रत्येकाचं एक छोटं, बिनचौकशीचं, हे मला जास्त टिकताना दिसलं आहे.

एक गोष्ट वेगळी काढतो. वर लिहिलेलं सगळं दोन प्रामाणिक माणसांसाठी आहे. एकजण दुसऱ्याला खातं बघूच देत नसेल, प्रत्येक पैशाचा जाब घेत असेल, दुसऱ्याच्या नावावर कर्ज काढत असेल, किंवा जुगारासाठी रकमा गायब होत असतील, तर तिथे शून्य-बिन्य समजावत बसू नका. तो धाक आहे किंवा व्यसन आहे, आणि त्याला वकील किंवा डॉक्टर लागतो. तुमच्या पत्रात मला तसं काही दिसलं नाही. नवऱ्यानं उसनवारी लपवली नाही, त्याच संध्याकाळी येऊन सांगितली, हे तुम्हीच लिहिलं आहे. फक्त ते तक्रारीच्या मधोमध दडून राहिलं होतं.

तेव्हा पहिल्या बैठकीची सुरुवात तिथूनच करा, की "तू त्याच दिवशी सांगितलंस." त्या दिवशी शेअरचा विषय काढू नका. तो दुसऱ्या बैठकीला.